निरगुडीची उशी

बोईसर, रविवार, २८ सप्टेंबर

ती. आईंना,
नमस्कार आणि तक्रार.

आपलं कपडे धुण्याचं मशीन गेल्या शनिवारी कर्तव्य बजावताना निवर्तलं. तुम्ही पिशवी उचलून तुमच्या गावच्या जितेशच्या टेम्पोतून माकुणसारला निघालात तेव्हा त्याच्यात धुगधुगी होती, त्यामुळे अंत्यसमय पाहण्याचं तुमच्या नशिबी नव्हतं. ऐन गरगरण्याच्या भरात त्याने एक उचकी दिली, अंग थरथरवलं आणि पोटातलं काळपट हिरवं पाणी स्वयंपाकघरभर ओकून ते शांत झालं. त्याच्या पश्चात एक विधवा सून, एक रुसलेली सासू आणि चार ओल्या चादरी असा परिवार आहे.

काल दुरुस्तीवाला आला. खाली बसून त्याने बारकं झाकण उघडलं, आत बोटं घातली आणि सुईणीच्या गांभीर्याने एक ओला, काळा बोळा बाहेर काढला. मग आणखी एक. माझ्याकडे वर बघून म्हणाला, "मॅडम, इसमें तो जंगल है." मी म्हटलं, जंगल नाही, माझ्या सासूबाईंची पाल्याची उशी आहे. निघताना तो दारात दोनदा वळून बघून गेला.

लोकांच्या सासवा मानपानावरून रुसतात, साडीच्या काठावरून रुसतात. पाल्यावरून घर सोडणाऱ्या तुम्ही पहिल्या. बरं, मी उशी धुतली ती काही वैराने नाही. तिच्या खोळीवर मधोमध तेलकट डाग पडला होता, तळहाताएवढा. मी डोक्याला तेल लावत नाही, हे तुम्हीच साऱ्या इमारतीला सांगितलेलं आहे. तेल गळायला निरगुडी म्हणजे काही एरंडी नव्हे. मग डाग आला कुठून? घाण दिसली, धुतली. घाटावर आम्हाला हेच शिकवतात.

फोन करून उपयोग नाही. तुम्हाला त्यातलं ऐकू येत नाही आणि ऐकू येतं तेव्हा तुम्ही ऐकत नाही. म्हणून हे पत्र. जितेश केळी आणि विड्याची पानं उतरवायला इथल्या बाजारात येतो, त्याच्याच हाती देते आहे. रागाच्या भरात तुम्ही वाचायचं भिंग इथेच विसरलात, तेही सोबत पाठवते. नाहीतर हे वाचणार कसं, आणि वाचल्याशिवाय चिडणार कसं?

मला झोप छान लागते. काळजी नसावी.

समिधा

बोईसर, शुक्रवार, १० ऑक्टोबर

ती. आईंना,

पत्राला उत्तर म्हणून आलेले चिकू मिळाले. दगड बरे. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले आहेत. तुमचा राग आणि हे चिकू, आधी काय मऊ पडतं ते बघायचं.

जितेशला मी चोरून निरगुडीचा पाला आणायला सांगितला होता, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल, कारण त्या माणसाच्या पोटात पेट्रोलसुद्धा राहत नाही. कोजागिरीच्या दिवशी त्याने तुमच्या वाडीच्या कुंपणावर कोयता चालवला आणि भाराभर फांद्या आणून दारात टाकल्या. अर्ध्या मी गॅलरीत दोरीवर, चादरींच्या मागे अडकवल्या. अर्ध्या पिशवीत घालून कारखान्यात नेल्या.

का, ते सांगते. आमच्या प्रयोगशाळेत एक यंत्र आहे. गोळीच्या भुकटीत एखादं द्रावक चुकून उरलंय का, ते हुंगून शोधायचं, हे त्याचं काम. बाटलीत जिन्नस घालून थोडा गरम करायचा, वरची हवा सुईने ओढायची आणि केसाएवढ्या बारीक, लांबच लांब नळीत सोडायची. त्या हवेत जे जे असेल ते शर्यतीतल्या पोरांसारखं पुढेमागे होत दुसऱ्या टोकाला पोचतं, आणि प्रत्येकाच्या नावाने कागदावर एक शिखर उमटतं. थोडक्यात, यंत्राचं नाक. तुमच्या नाकाइतकं वर नाही, पण प्रामाणिक.

केदार शिफ्टवरून कपाळ धरून यायचा, तुम्ही त्याला ती उशी करून दिलीत आणि त्याचं डोकं उतरायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तो गेल्यावर दर पावसाळा संपला की तुम्ही तीच उशी नव्या पाल्याने भरून माझ्या डोक्याखाली सरकवलीत, आणि मी झोपले, हेही खरं. पण औषधाच्या कारखान्यात मी पंचवीस वर्षं काढली ती "खरं आहे" एवढ्यावर गप्प बसण्यासाठी नव्हे. त्या पाल्यात आहे तरी काय, ते मला बघायचं होतं.

तर आई, निकाल असा: काही नाही. कागदावर सरळ रेघ, समुद्राला ओहोटी लागल्यावर केळव्याची वाळू दिसते तशी. एकदोन उंचवटे, तेही लाजल्यासारखे. हा निकाल तुम्हाला कळवताना मला अतिशय दुःख होत आहे, असं लिहायची पद्धत आहे. मला तसं काही होत नाही आहे.

दुसरं. घरमालक येऊन गेला. आपला करार नोव्हेंबरअखेर संपतो. "दोन खोल्या कशाला लागतात आता तुम्हाला? मागच्या इमारतीत एक खोलीचं घर देतो," म्हणाला. मी विचार करून सांगते म्हटलं. आणि सिन्नरहून माझ्या मंदाताईचा फोन. ती नेहमीसारखी थेट मुद्द्यावर. केदार राहिला नाही, मूलबाळ नाही, मग त्या म्हातारीशी आता तुझं नातं तरी काय, उचल बोचकं आणि ये इकडे. मी तिला म्हटलं, ती म्हातारी सध्या घरात नाही, आली की विचारून सांगते.

वारा फिरला की इथे रात्री खिडकीतून कारखान्यांचा वास येतो. मी पडल्यापडल्या त्यातली नावं ओळखत बसते. सगळी ओळखून झाली की फटफटतं.

समिधा

बोईसर, गुरुवार, ३० ऑक्टोबर

ती. आईंना,

चिकू मऊ पडले. खाल्ले. गोड होते.

तुमचा निरोप जितेशने शब्दशः पोचवला, तोंड शक्य तितकं निर्विकार ठेवून. "वयनी, काकी बोलली, तिला इचार, पाला वाळवलास का भाजलास?"

आमच्या प्रयोगशाळेत जे येईल ते आधी एकशे पाच अंशांच्या भट्टीत जातं, ओलावा मोजायला. पंचवीस वर्षांची सवय. पांढरी भुकटी आली, भट्टीत. गुलाबी भुकटी आली, भट्टीत. उद्या मी चक्कर येऊन पडले तर पोरं आधी मलाच भट्टीत सारतील. पिशवीतला पाला मी माझ्याच हातांनी त्यातच ठेवला होता, काही विचार न करता. निरगुडीच्या पानाची खालची बाजू रुपेरी दिसते ना, त्या लवेत तेलाच्या इवल्या इवल्या पिशव्या असतात. वास तिथे असतो. तो भट्टीतून उडून गेला आणि मी कारखान्याच्या छपराकडे गेलेल्या औषधाचा शोध उरलेल्या कोळशात घेत बसले. वर त्याचा अहवाल तुम्हाला पाठवला.

गॅलरीत चादरींच्या मागे अडकवलेल्या फांद्या मी विसरूनच गेले होते. मशीन नसल्यामुळे चादरी हाताने धुतल्या जातात, म्हणजे सावकाश धुतल्या जातात, म्हणजे दोरीवर कायम काहीतरी लोंबत असतं. त्या सावलीत पाला आपोआप वाळला होता, हिरवा राहून. तोच तोडा, त्याच फांद्या, फक्त आगीत न गेलेल्या. त्यातली चिमूटभर पानं चुरडून बाटलीत घातली.

आई, तुम्ही असायला हव्या होतात. रेघ आधी सपाट गेली आणि मग उठली. एक सुळका, त्याला टेकून दुसरा, मग दरी, मग एक रुंद खांद्याचा डोंगर, त्याच्यामागे निळसर दिसाव्यात तशा टेकड्या. सफाळ्याच्या बाजूने पहाटे दिसते तशी रांगच्या रांग, कागदावर, शाईत. त्यातलं एकेक नाव मी लावत गेले. एक आहे ते निलगिरीच्या तेलातही असतं, ते नाक मोकळं करतं. त्या रुंद खांद्यावाल्याचं नाव कॅरिओफायलिन, मिऱ्यात आणि लवंगेतही तोच. आपल्या शरीरात दुखणं आणि सूज यांचा आवाज कमी करणारी एक कळ असते, तिच्यावर तो नेमका बसतो, असं दिसलेलं आहे. उंदरांचं दुखणं निरगुडीच्या अर्काने उतरलेलं आहे. उशीवर डोकं ठेवलेल्या माणसाचं उतरतं का, हे कुणी नीट तपासलेलं नाही. उंदरांना उशी लागत नाही, आणि सासवा प्रयोगशाळेत येत नाहीत.

हा झाला तुमचा विजय. आता माझा. पुनवेला पाला तोडायचा नाय, चंद्र वास पिऊन टाकतो, हे तुम्ही मला दर वर्षी ऐकवता. कोजागिरीचा पाला माझ्याकडे होताच. दिवाळीच्या अवसेला मी जितेशला पुन्हा कुंपणावर पाठवलं, तोही पाला तसाच सावलीत वाळवला. दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहिले. एकच डोंगर. चंद्राने थेंबसुद्धा प्यायलेला नाही. या बाबतीत त्या बिचाऱ्याची तुम्ही जाहीर माफी मागावी.

आता जे लिहायचं नव्हतं ते. बाकीची चारही ज्ञानेंद्रियं मेंदूत शिरताना एका फाटकाशी थांबतात. काय काम आहे, कुणाला भेटायचंय, अशी चौकशी होते. वास मात्र मागच्या दाराने येतो, थेट त्या खोलीत, जिथे आठवणी उघड्यावाघड्या बसलेल्या असतात. म्हणून असेल. त्या उशीवर डोकं टेकलं की केदार यायचा. रोज नव्हे, पण वरचेवर. वाफ यावी तसा. पलंगाच्या कडेला बसायचा, केस ओले, अंगात तो निळा बनियन. आणि बोलायचा काय, तर नेलकटर कुठे ठेवलंयस. मेल्यावर माणूस काहीतरी मोठं बोलेल, अशी माझी अपेक्षा होती. पण नाही, नेलकटर. मी झोपेतच सांगायची, फ्रीजवर. तो उठायचा, आणि त्याच्या मागून ती कडसर, हिरवी वाफ सरकत जायची, जणू कुणी दाराबाहेर कुंपणच चालवत नेलंय.

सकाळी मी हसत उठायची. कारखान्याच्या बसमध्ये हसत बसायची. एकदा शेजारची म्हणाली, काय मॅडम, नवीन कोणी? त्या दिवशी मला भीती वाटली. मग एका रात्री तो आला, बसला, आणि मला त्याचा चेहरा दिसेना. नुसता वास, त्याला निळा बनियन घातलेला. मला वाटलं, मीच याला धरून ठेवलंय. पाला संपत आला की फाटत चाललेला माणूस, आणि मी त्याला दर वर्षी नवा भरते. सोडावं आता. सकाळी उशी उचलली, खोळीवरचा डाग दिसला, निमित्त मिळालं.

डागासाठी धुतली हे खोटं नाही. पण डाग नसता तरी धुतली असती.

हे तुम्हाला त्याच दिवशी सांगता आलं असतं. पण तुम्ही मशीनच्या काचेतून आत फिरणारी ती उशी पाहिलीत, एक शब्द बोलला नाहीत, आणि पिशवी भरायला लागलात. तुम्ही भांडला असतात तर मी बोलले असते. गप्प बसण्याची तुम्हाला सवय नाही, आणि उलट उत्तर द्यायला काही नसेल तिथे काय करायचं ते मला कळलं नाही.

घरमालकाला अजून काही सांगितलेलं नाही.

समिधा

माकुणसार, रविवार, ९ नोव्हेंबर

ती. आईंना,

तुम्ही आत झोपला आहात. मी ओटीवर बसून हे लिहिते आहे, तुमच्यापासून दहा पावलांवर. एकाच घरात पत्र लिहिणं वेडेपणाचं आहे. पण आपण समोरासमोर बोललो की गोष्ट भाजीत मीठ कमी आहे यावर जाते, आणि सवयही लागली आहे.

काल मी आले तेव्हा तुम्ही विड्याची पानं निवडत होतात. वर न बघता विचारलंत, मशीन दुरुस्त झालं का. मी नाही म्हटलं. हाताला व्यायाम, म्हणालात. एवढ्यात दीड महिन्याचं भांडण मिटवून तुम्ही मला पानं निवडायला बसवलंत, आणि माझं प्रत्येक पान परत निवडलंत.

मग दिवेलागणीला कुंपणाशी नेलंत. मासवणच्या रखमाबाईने तुम्हाला हा पाला दाखवताना जसं शिकवलं तसंच करायचं: आदल्या संध्याकाळी झाडाच्या बुडाशी चिमूटभर तांदूळ, एक सुपारी, आणि बोलावणं. तुम्ही वाकलात आणि त्या झुडपाशी ज्या गोडीने बोललात, त्या गोडीने लग्नात माझ्या आईशीही बोलला नव्हतात. "सकाळी येतो. सुनेला घेऊन येतो. औशदाला येतो, रागवायचं नाय." मग कंबर सरळ करून मला म्हणालात, "मागचं बाकी हाय. जितेशनं दोन येळा कोयता घातला, न इचारता. आनि जो तू मशिनीत घातलास, तो."

मी म्हटलं, झाडाला काय कळतं. तुम्ही म्हणालात, झाडाला नाय, आपल्याला कळतं. बोलता बोलता तुम्ही डोक्यावरचा पदर सारखा केलात, आणि मला तुमच्या केसांचा वास आला. खोबरेल. उशीवरच्या डागाला होता तोच.

मी विचारलं, आई, तो डाग तुमच्या डोक्याचा होता?

पलीकडच्या वाडीत कुणीतरी पंप बंद केला आणि एकदम सगळं शांत झालं. मग तुम्ही झुडपाकडेच बघत म्हणालात, "तू कामावर गेलीस की मी आडवी व्हायची. तुज्या उशीवर. त्याची रातपाळी तुज्याकडं, दुपारपाळी माज्याकडं. तू रातपाळी बंद केलीस, तुजी मर्जी. माजी पाळी बंद करताना मला इचारायचं तरी."

मी विचारलं, तुमच्याकडे येऊन तो काय करायचा. "काय करनार? जेवायला मागायचा," म्हणालात. "आणि चेहरा?" मी विचारलं. "दिसायचा का?" तुम्ही म्हणालात, कधी लहानपणीचा, कधी मिशीवाला, कधी नुसता हात, ताट पुढे केलेला. "सगळा कशाला लागतो? आला, जेवला, गेला." नेलकटरचं तुम्ही पत्रात वाचलं होतंत. त्यावर एवढंच म्हणालात की लहानपणापासून नखं वाढवून ठेवायचा मेला. आणि आपण दोघी अंधारात त्या कुंपणाशी उभ्या राहून हसलो. तांदळावर मुंग्या आल्या होत्या.

आज सकाळी ऊन पडायच्या आत पाला काढला. कात्री नाही, कोयता नाही, हाताने, आणि घरी येईपर्यंत बोलायचं नाही. आपल्या दोघींच्या आयुष्यातला हा सगळ्यात अवघड विधी. वाटेत कुणाच्या तरी कुत्र्याने माझी ओढणी धरली तेव्हा तुम्ही डोळ्यांनी मला गप्प केलंत, ते मी लक्षात ठेवलं आहे. एक सांगते, सकाळी उन्हाआधी पानांत तेल टिकून असतं, दुपारच्या झळांनी उडून जातं, हे कित्येक सुवासिक झाडांच्या बाबतीत मोजलेलं आहे. न बोलण्याने तेल वाढतं का, हे मोजलेलं नाही. पण एक नक्की: ज्याला आदल्या दिवशी बोलावणं करून आलो, त्याच्यावर सकाळी कोयता चालवायला हात उचलत नाही. फांदी फांदी बघून, मागून घेतली जाते. आज जेवढा पाला निघाला, त्यात दोन उश्या भरतील.

दोन. हे मी ठरवलंय, तुम्हाला विचारलेलं नाही. एकाच उशीत दोन पाळ्या म्हणजे तेलाचे डाग पडायचेच.

घरमालकाला सकाळी फोन केला. दोन खोल्यांचाच करार ठेवला आहे. दुसऱ्या खोलीत कोण राहतं असं तो विचारत होता. मी म्हटलं, आमच्या आई. तो म्हणाला, माहेरच्या का सासरच्या? मी म्हटलं, आमच्या. तुम्ही परत कधी येणार, हे काल जेवताना मी विचारलं, तेव्हा तुम्ही ताटातून मान वर न काढता म्हणालात, "पाला वाळूं दे. मंग बगू." पाला तुमच्या जुन्या लुगड्यावर ओटीच्या सावलीत पसरला आहे, वारा आला की त्याची रुपेरी बाजू वर होते आणि सगळी ओटी क्षणभर पाण्यासारखी हलते. वाळायला चारआठ दिवस लागतील. मग तुम्ही सांगाल तेव्हा जितेश टेम्पो थांबवेल.

त्या पसरलेल्या पाल्याचा वास आत जातोय. तुम्ही झोपेत कूस बदललीत आणि काहीतरी म्हणालात. मला नीट ऐकू आलं नाही. बहुतेक, वाढते, थांब.

मी पाय न वाजवता आत गेले, देवापाशी ठेवलेल्या डब्यातून तीन सुपाऱ्या घेतल्या आणि कुंपणाशी जाऊन आले. दोन कोयत्याच्या, एक मशीनची. काही बोलले नाही, काय बोलायचं ते मला माहीत नाही. मातीत बोटाने खळगे करून त्या नीट दाबून बसवल्या, म्हणजे कोंबड्या उकरून टाकणार नाहीत. हे पत्र भिंगाखाली ठेवते.

समिधा